श्रद्धेच्या दुरुस्तीसाठी जोयड्याला

कारवारकडच्या जंगलातल्या जोयड्याला माणसं दोन कारणांनी जातात. एक तर काळी नदीत रबराच्या होडीतून किंचाळत वाहत जायला, नाही तर उळवीच्या जत्रेला. मी गेले ती श्रद्धा दुरुस्त करून आणायला. मिरजेच्या आमच्या चर्चमधून आम्ही अठरा जण गेलो. पैकी सतरा जणांची श्रद्धा ठणठणीत होती, त्यांना जंगल बघायचं होतं. रोगी म्हणून नेलेली मी एकटीच.

आजार काय तो आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माझी धाकटी बहीण सुशीला. तिला पोटाचा कॅन्सर झाला. सगळ्या मंडळीनं तिच्यासाठी प्रार्थना केली, अगदी मनापासून केली, त्यात मी खोट काढणार नाही. मग आमच्या पाळकसाहेबांच्या डोक्यात आलं की खरा विश्वास असेल तर बरं होण्याची वाट कशाला बघायची, आधीच उपकार मानून टाकू. झालं. एका रविवारी उपकारस्तुतीची उपासना ठेवली. सुशीलेला नवी साडी नेसवून पहिल्या बाकावर बसवलं, व्यासपीठावरून 'बहीण सुशीला बरी झाली आहे' असं जाहीर केलं आणि बाहेर अंगणात सगळ्यांना जिलेबी वाटली. तिला स्वतःला ती जिलेबी गिळता येत नव्हती. अकराव्या दिवशी ती गेली.

दफनाहून आल्यावर चहा पिताना कुणीतरी म्हणालं, घरातल्याच कुणाचा तरी विश्वास कमी पडला असणार. आता घरात होते कोण? मी. चौतीस वर्षं नर्स म्हणून नोकरी केलेली, रिपोर्ट वाचता येणारी, डॉक्टरांच्या मागे लागून दुखणं थांबवायची इंजेक्शनं आणणारी. म्हणजे विश्वास कमी तो माझाच. मला इतका राग आला की मी त्या दिवसापासून देवाशी बोलणंच टाकलं. बाहेरून सगळं चालू होतं. दर बुधवारी महिला मंडळाची प्रार्थना माझ्याकडे असते, गेली एकोणीस वर्षं आहे. बायका विनंत्या घेऊन येतात, कुणाच्या मुलाची नोकरी, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन. मी डोळे मिटून सगळं ओळीनं म्हणायचे, पोस्टातला माणूस पाकिटांवर शिक्के मारतो तसं. आतून मी काहीही मागत नव्हते. सव्वा वर्ष असं गेलं.

एकदा मी हे विमलताईंजवळ बोलून बसले. विमलताई आमच्या मंडळाच्या चिटणीस. त्यांच्या पोटात गोष्ट राहत नाही हे माहीत असूनही बोलले, तेव्हा चूक माझीच. चार दिवसांनी पाळकसाहेबांचं बोलावणं आलं. ते गोड आवाजात म्हणाले, "मनोरमाबाई, जोयड्याला 'शंकेकडून श्रद्धेकडे' असं शिबिर आहे, तुम्ही जाऊन या. आल्यावर रविवारी उभं राहून साक्ष द्या." साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सर्वांसमोर सांगायचं. आणि नाही दिली तर? तर बुधवारची प्रार्थना काही दिवस विमलताईंनी बघावी, असं त्यांचं मत पडलं. मी मनातल्या मनात साक्ष तिथंच तयार करून टाकली. 'शंका होती, गेली, देवाची स्तुती असो.' तीन वाक्यांत काम भागत असेल तर कोण भांडत बसतंय.

कुळगी, चुकून

रामनगर सोडल्यावर आमची गाडी उळवीला निघालेल्या बैलगाड्यांच्या मागे सापडली. जत्रेचे दिवस होते. शिंगांना गोंडे बांधलेले बैल, गाडीत चूल, भांडी, म्हातारी माणसं, आणि बाकीची सगळी पायी. सहा-सहा दिवस चालत येतात म्हणे. श्रद्धा घट्ट करायला त्यांना कुणी शिबिर ठेवलेलं दिसत नव्हतं. आमच्या गाडीत मात्र दर तासाला एक गीत, एक प्रार्थना आणि एक चिक्कीचं पाकीट असा कार्यक्रम छापून आणला होता.

पुढे ड्रायव्हरनं एका टपरीवर "कॅम्प कुठं आला?" म्हणून विचारलं. टपरीवाल्याला कॅम्प म्हणजे एकच माहीत, कुळगीचा वनखात्याचा. त्यानं हात केला आणि आम्ही दांडेलीच्या वाटेनं थेट तिथं. फाटकावर खाकी कपड्यातला एक वनरक्षक उभा होता. त्याला वाटलं, पक्षी बघायला आलेली पार्टी. आम्हाला वाटलं, शिबिराचा स्वयंसेवक. त्यानं आम्हाला एका मोठ्या झाडाखाली नेलं आणि हळूच म्हणाला, "आता समद्यांनी शांत ऱ्हावा. बोलायचं न्हाई."

आता आमच्या माणसांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. शांत राहा म्हटलं की माना खाली आणि डोळे बंद. अठराच्या अठरा जणांनी हात जोडले. वरून पंखांचा असा काही आवाज गेला, जसं कुणी मोठी चटई झटकतंय. तरी एकानं डोळा उघडला नाही. बऱ्याच वेळानं विमलताईंनी खणखणीत "आमेन" म्हटलं, तेव्हा आम्ही डोळे उघडले. वनरक्षक तोंडाचा आ करून आमच्याकडे बघत होता.

"धनेशाची जोडी गेली की डोस्क्यावरनं," तो म्हणाला. "लोक दोन-दोन दिस वाट बघत्यात. तुमी डोळं का मिटलं?"

मीही डोळे मिटलेच होते, आणि मी तर प्रार्थनाही करत नव्हते.

तिसरी पायरी

खरं शिबिर जोयड्याच्या पुढे, अणशीच्या रस्त्याला, एका भाड्यानं घेतलेल्या कौलारू घरात होतं. चालवणारे ब्रदर जयकर पुण्याचे. वय चाळिशीचं, केस जेल लावून मागे वळवलेले, कानाला माइक. ऐकणारे अठरा जण, पहिली रांग त्यांच्यापासून चार हातांवर, तरी माइक. व्याख्यानाचं नाव 'विश्वासाच्या सात पायऱ्या'. भिंतीवर चित्रं पडायची, एकेका पायरीवर एक हसरा माणूस. तिसऱ्या पायरीला वीज गेली ती आम्ही निघेपर्यंत आलीच नाही. ब्रदरना चित्रांशिवाय पुढच्या पायऱ्या आठवेनात. तेव्हा आम्ही सगळे अजून तिसऱ्या पायरीवरच आहोत.

मग शंकापेटी फिरली. प्रत्येकानं आपली शंका चिठ्ठीवर लिहायची, आणि समारोपाला शेकोटीत त्या जाळायच्या. विमलताईंनी माझ्याशेजारी बसूनच लिहिलं, 'मला शंका नाही, पण माझ्या सुनेला आहे.' आमच्या खजिनदारांनी चिठ्ठी कोरी टाकली, त्यांना अक्षर ओळखलं जायची भीती. मी लिहिलं, 'बरी झाली असं सांगून तिला जिलेबी का दिली?' आणि घडी घालून टाकलं. शेकोटीला मात्र घरमालकांनी हात जोडले. वाघांचं राखीव जंगल, उघड्यावर जाळ दिसला तर वनखातं सोडणार नाही. शेवटी ब्रदरनी पेटी स्वयंपाकघरात नेली आणि आमच्या शंका चुलीत घातल्या. वर भाताचं पातेलं होतं. ब्रदर म्हणाले, आता आपण मोकळे झालो. भात बरा शिजला होता.

त्या चुलीची मालकीण सुमित्रा. जवळच्या पाड्यावरची, जंगलातली शेती करणाऱ्या घरातली. हातांत हिरव्या बांगड्या, बोलणं कमी, काम भराभरा. तिच्या हातच्या जेवणासाठी मी पुन्हा शिबिराला जाईन, हे पाळकसाहेबांना सांगू नका. नाचणीची भाकरी, लाल भात, उकडलेले करांदे. आमच्याकडे बटाटा म्हणजे कंद, इकडे जमिनीखाली किती जातीचं खाणं आहे त्याला सुमार नाही. एक आंबट चटणी होती, ब्रदर जयकरांनी तीन वेळा मागून घेतली, चिंच फार छान म्हणाले. ती लाल मुंग्यांची होती. मी त्यांना सांगितलं नाही, त्यांचा विश्वास होता, राहू दिला.

शनिवारी संध्याकाळी मी चुलीजवळ शेकत बसले होते. सुमित्रा भांडी आवरत म्हणाली, "अक्का, तुमी न्हर्स हाय म्हणं?"

"होते. आता घरी बसते."

"आमची आत्ती पडून हाय. उद्या घडीभर बघायला येता काय? लांब न्हाई, त्या टेकाच्या पल्याड. मी दुपारी जातो तवा माज्यासंगं चला." इकडे बायकाही 'जातो, येतो' म्हणतात, पहिले दोन दिवस मी दचकायची. आत्ती म्हणजे तिची सासू.

"औषध चालू आहे का?"

"जोयड्याच्या डाक्टरनं घरला न्या म्हटलं. देवाला बी कौल लावला. फूल डावीकडनं पडलं. म्हंजे ऱ्हात न्हाई." तिनं हे अगदी सरळ सांगितलं. यांचा देव नाही तर नाही म्हणून तोंडावर सांगतो. आमच्याकडे नाही हा शब्द उच्चारायची बंदी, त्याऐवजी नवी साडी नेसवतात. मला सुशीला आठवली आणि चुलीच्या धुराचं निमित्त करून मी डोळे पुसले.

टेकाच्या पल्याड

रविवारी दुपारी मौन होतं. दोन तास कुणी बोलायचं नाही, आपापल्या अंतःकरणात उतरायचं. मी उतरले नाही, सुमित्राबरोबर टेकडी चढले. साठी उलटलेल्या गुडघ्यांनी दोनदा दगा दिला, एकदा मी सरळ बसूनच घसरले. सुमित्रा हसली नाही, पण तोंडावर पदर गेला.

घर ठेंगणं, वाकून आत जावं लागतं. शेणानं सारवलेली स्वच्छ जमीन, कोपऱ्यात भाताच्या कणग्या, आणि घोंगडीवर शेवंती आत्ती. मी पाय दाबून बघितले, बोट रुतत होतं. श्वास तोकडा. नाडीचा मध्येच एखादा ठोका चुकत होता. चौतीस वर्षं हेच बघितलंय, मला घड्याळ लागत नाही. फार तर दोन दिवस.

म्हातारीचे डोळे मात्र लख्ख होते. "किरिस्तांव काय तुमी?"

"हो."

"तुमचा देव खंय ऱ्हाता?"

"पूर्वी मिरजेला असायचा. हल्ली मला पत्ता नाही," मी म्हटलं. म्हातारीला हसू आलं, हसता हसता खोकला आला. मी तिला उशाशी टेकवून बसवलं आणि ओल्या फडक्यानं ओठ पुसले.

सुमित्रा म्हणाली, "अक्का, खरं सांगा."

"खरं तेच, देवानं तुम्हाला सांगितलंय ते. बरी होणार नाही. दुखणार नाही असं बसवून ठेवा, पाणी चमच्यानं द्या."

तिनं मान हलवली. मग खाली बघत म्हणाली, "आमच्या देवानं न्हाई म्हणून सांगितलं. आता त्येला परत इचारता येत न्हाई. तुमी तुमच्या देवाला येवढंच इचारा. ह्यांनी येईपतूर आत्ती ऱ्हाऊ दे." हे म्हणजे तिचा नवरा नारायण, मडगावला बांधकामावर. फोन लागत नव्हता, कारवारच्या गाडीच्या कंडक्टरकडे निरोप दिला होता. सोमवारी येईल, असा हिशेब.

बुधवारचे शिक्के मारणं वेगळं. ही बाई माझ्या तोंडाकडे बघत होती आणि हिला खरंच हवं होतं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेर "देवाची स्तुती असो" ऐकू आलं आणि दारातून वाकून ब्रदर जयकर आत आले. मागे विमलताई आणि अजून तिघे. मौनाच्या वेळात विमलताईंनी कुणाला काय सांगितलं असेल ते देवालाच माहीत.

ब्रदरनी एकाच्या हातात फोन दिला, चित्रीकरणासाठी. मग गुडघे टेकून म्हातारीच्या कपाळावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, "आजी, तुम्ही बऱ्या झालात! आपण आत्ताच उपकार मानू या!"

"ह्यो कोण?" म्हातारीनं मला विचारलं. "डाक्टर?"

मला काय झालं कोण जाणे. मी ब्रदरचं मनगट धरलं, नाडी बघायला धरतात तसंच, आणि त्यांचा हात म्हातारीच्या कपाळावरून उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, "ब्रदर, ही बरी होणार नाही. ते हिला माहीत आहे, हिच्या सुनेला माहीत आहे. यांना खोटं सांगायचं नाही. फोन बंद करा आणि बाहेर जा."

"सिस्टर, हा अविश्वास बोलतोय."

"बोलू द्या. तो माझा आहे. एकदा मी गप्प बसले आणि लोकांनी माझ्या बहिणीला नव्या साडीत बसवून ठेवलं. आता नाही." माझा आवाज चढला नाही. वॉर्डात शिकलेली गोष्ट आहे, आवाज खाली ठेवला की लोक हलतात. ते हलले. विमलताई सर्वांत शेवटी गेल्या, जाताना दारात डोकं आपटलं.

सुमित्रा अजून माझ्याकडेच बघत होती. मग मी म्हातारीचा हात धरला आणि डोळे उघडे ठेवूनच बोलले. म्हटलं, "हे बघ, मागच्या वेळी मी मागितलं ते मोठं होतं. तू दिलं नाहीस. हे लहान आहे. हिचा नारायण येईपर्यंत हिला ठेव. एवढंच मागते." सव्वा वर्षानं मागितलं आणि मला खरंच ते हवं होतं, भूक लागल्यासारखं हवं होतं.

"येवढंच?" सुमित्रा म्हणाली. "आमचा पुजारी अर्धा तास लावतोय."

परत

सोमवारी सकाळी सुमित्रा आली नाही, उपमा घरमालकांनी केला आणि तो तसाच लागला. मी तिला आदल्या दिवशी माझा नंबर दिला होता. ब्रदर जयकर पुण्याची गाडी धरायला मिरजेपर्यंत आमच्याबरोबर होते, ते माझ्याशी बोलले नाहीत, विमलताई मात्र सगळ्यांशी माझ्याबद्दल बोलल्या. रस्ताभर उळवीच्या गाड्या. समोरून येणाऱ्या प्रत्येक बसमध्ये मी नारायणला शोधत होते. त्याचं तोंडसुद्धा मी कधी बघितलेलं नव्हतं.

फोन आला गुरुवारी, मी मेथी निवडत होते.

"अक्का, आत्ती गेली. सोमवारी दुपारी."

"आणि नारायण?"

"ह्यांनी सांजच्याला आले. जत्रंमुळं अणशीच्या घाटात गाड्या अडकल्या. दोन तासांनी चुकलं बगा. आत्तीनं जायच्या आदी पेज मागितली, दोन घोट घेतलं. दुखलं न्हाई तिला. तुमी सांगितल्यागत बसवून ठेवली हुती." मग तिनं नाक ओढलं आणि म्हणाली, "अक्का, आता माज्या लेकीची धावी हाय. जोयड्याला हास्टेलात हाय ती. तिचं बी जरा इचारा."

मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि उभी राहिले. असा संताप आला मला. मेथीची जुडी टेबलावर आपटली आणि स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यानं म्हटलं, दोन तास? अरे, तुला दोन तास सांभाळता आले नाहीत? समुद्र दुभंगवतोस म्हणे, आणि घाटातली एक बस काढता येत नाही? सुशीलेचंही काढलं. जिलेबीचं काढलं. त्या दफनानंतरच्या चहाचं काढलं. जे जे सव्वा वर्ष पोटात होतं ते सगळं काढलं. शेजारच्या वहिनींनी खिडकीतून विचारलं, "सिस्टर, कुणाला एवढं रागावताय?" मी म्हटलं, घरचंच माणूस आहे. भाजी करपली, रात्री दूध-भाकरी खाल्ली आणि जेवताना पुन्हा भांडले.

रविवारी पाळकसाहेबांनी मला पुढे बोलावलं. ब्रदर जयकरांचा अहवाल त्यांच्या हातात होता, तो कसा असेल याचा अंदाज चेहऱ्यावरून येत होता. मी तयार करून ठेवलेली तीन वाक्यं माझ्या जिभेवर होती. विमलताई दुसऱ्या बाकावर वही घेऊन बसल्या होत्या. मी तोंड उघडलं आणि शेवंती आत्तीचं सगळं सांगितलं. मागितलं काय, मिळालं काय, दोन तास कसे चुकले. कुणी 'देवाची स्तुती असो' म्हणेना, कारण ते कुठं म्हणायचं ते कुणाला कळेना.

शेवटी पाळकसाहेब म्हणाले, "मनोरमाबाई, मग तुमची श्रद्धा दृढ झाली की नाही?"

"ते मला माहीत नाही, पाळकसाहेब," मी म्हटलं. "सव्वा वर्ष मी त्याच्याशी अबोला धरला होता. गुरुवारपासून भांडतेय. अजून माझं बोलून झालेलं नाही."